जुन्या रिव्हॉल्व्हरचं टायमिंग

श्रोतेहो, माझी सगळी नोकरी पोलिस खात्यात आर्मरर म्हणून झाली. आर्मरर म्हणजे शस्त्रांचा मिस्त्री. गुन्हेगार पकडणं हे आमचं काम नाही. ज्यानं पकडायचं, त्याच्या कमरेचं हत्यार ऐनवेळी दगा देणार नाही एवढंच बघायचं. गाव घाटघर, जुन्नर तालुक्यातलं, नाणेघाटाच्या माथ्यावरचं. (भंडारदऱ्याकडे अकोले तालुक्यात दुसरं घाटघर आहे, लोक हमखास गल्लत करतात.) आज बोलायचं आहे ते जुन्या रिव्हॉल्व्हरच्या टायमिंगबद्दल. विषय ऐकून दचकू नका. ज्यांच्या घरात आजोबांच्या नावावरचं असं एखादं हत्यार कपाटात पडून आहे, त्यांनी तर जरूर ऐका.

टायमिंग हा शब्द शेतकऱ्यांना नवा नाही. शेतावरच्या ऑइल इंजिनाचं टायमिंग हललं की ते धूर ओकतं, ठोके देतं. रिव्हॉल्व्हरचंही तसंच, फरक इतकाच की इथं चुकलं तर दुसरा ठोका ऐकायला आपण धड असूच याची खात्री नसते.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचं चक्र असतं आणि त्यात बहुधा सहा घरं. चाप ओढला की तीन कामं होतात. घोडा मागे जातो. एक छोटी पट्टी चक्राच्या मागच्या दातेरी चकतीला रेटून चक्र पुढच्या घरावर आणते. आणि घर नळीसमोर आलं की खाचेत खुंटी बसून चक्र जागच्या जागी अडकतं. ही पट्टी म्हणजे सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतं ते ‘कुत्रं’च. आम्ही तिला इंग्रजांच्या पद्धतीनं ‘हँड’ म्हणायचो. घोडा पडण्याच्या क्षणी चक्र अडकलेलं असलं पाहिजे, आधी नाही आणि नंतर तर मुळीच नाही. याचं नाव टायमिंग.

ही कल्पना रूढ केली सॅम्युएल कोल्ट या अमेरिकनानं. तो १८३० साली पोरवयात बोस्टनहून कलकत्त्याच्या जहाजावर खलाशी म्हणून आला होता. जहाजाचं चाक फिरून अडकताना बघून त्याला हे सुचलं, असं सांगतात. लाकडाचा नमुना त्यानं त्याच प्रवासात कोरला. म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या जन्मकथेत आपल्या कलकत्त्याचाही थोडा वाटा आहे.

आता हिशोब बघा. सहा घरं म्हणजे प्रत्येक वेळी चक्र ६० अंश फिरतं. घराचा मध्य चक्राच्या मध्यापासून १२ मिलिमीटरवर धरला, तर एका अंशाची चूक म्हणजे नळीसमोर पाव मिलिमीटरच्या आतबाहेर सरकणं. एवढं खपून जातं, कारण नळीचं मागचं तोंड मुद्दाम नरसाळ्यासारखं थोडं पसरट केलेलं असतं. पण तीन-चार अंश चुकले की गोळीची कड नळीच्या काठावर खरवडली जाते. ते शिसं चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून आडवं उडतं. चक्र फुटणं हा प्रकार क्वचित, पण शिशाची किरच शेजारच्याच्या गालात किंवा डोळ्यात जायला काही वेळ लागत नाही.

आमच्या बाजूला फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. गाव त्यांना सुभेदार म्हणतं, मी तात्या म्हणतो. त्यांच्याकडे .३२ बोअरचं विलायती वेब्ली, रीतसर लायसन्सचं, पूर्वी कधीतरी सेकंडहँड घेतलेलं. हे मधून मोडणारं हत्यार. नळी खाली केली की चक्राच्या मागून चांदणीच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर वर येतो आणि सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर ढकलतो. एका जानेवारीत तात्यांनी सांगितलं, “चक्र कधी येतं, कधी अर्ध्यातच राहतं. बाळा, तू जन्मभर हेच केलंस. एक कानस मार आणि दे.”

मी म्हटलं, “तात्या, दुरुस्तीला लायसन्स लागतं, ते माझ्याकडे नाही. आणि कानशीनं गेलेलं लोखंड परत येत नाही.” हे खरंच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं दुरुस्तीसुद्धा परवानाधारकाकडेच व्हावी लागते. घरमालकानं पुसावं, तेल द्यावं, तेवढंच. मग तात्या स्वतः हत्यार घेऊन पुण्याला एका परवानाधारक दुकानात गेले, मी नुसता सोबत.

तिथल्या मिस्त्रीनं आधी हत्यार मोडून सहाही घरं मोकळी असल्याचं डोळ्यांनी पाहिलं, बोट फिरवून पाहिलं, आणि मला दाखवलं. तो माणूस मला तिथंच आवडला. मग त्यानं चक्र हलवलं. चक्र जरा डुगडुगलं. शेजारी उभा असलेला एक गिऱ्हाईक लगेच म्हणाला, “गेलं की हे!” पण वेब्लीची हीच गंमत आहे. चाप सुटा असताना चक्र थोडं हलतं, तो दोष नव्हे. चाप पूर्ण मागे दाबून धरायचा आणि मग हलवून बघायचं. तेव्हा ते गच्च पाहिजे. पुष्कळ चांगली वेब्ली हत्यारं या एका गैरसमजापायी कानशीखाली गेली आहेत.

त्यानंतर खरी परीक्षा. चक्रावर मार्करनं एक ते सहा आकडे घातले. चक्रावर बोटाचा हलकासा अटकाव ठेवून चाप अगदी सावकाश ओढायचा. हे सावकाश फार महत्त्वाचं. झटक्यात ओढलं तर चक्र आपल्याच वेगानं उरलेला टप्पा पार करतं आणि आजार लपतो. जोरात ओढून ‘ठीक आहे’ म्हणणारा मिस्त्री असेल तर खुशाल दुकान बदला. तात्यांच्या हत्याराची सहाही घरं उशिरा येत होती.

सहाही घरं सारखीच चुकत असतील तर संशय कुठे? सगळ्यांना सामायिक असलेल्या गोष्टीवर. पट्टी झिजली असेल, तिला रेटणारा स्प्रिंगचा जोर कमी झाला असेल, नाहीतर काहीतरी अडत असेल. एक-दोनच घरं चुकत असतील तर दोष त्या घरांच्या दातांत. आणि चक्र नेमक्या जागेच्या पुढे निघून जात असेल, तर खुंटी किंवा खाचेची कड ठोकली गेली आहे. सिनेमातल्यासारखे झटके मारणाऱ्यांच्या हत्यारात हे हमखास सापडतं. ही वाटणी डोक्यात पक्की असली की निम्मं काम झालं.

नवशिके इथंच पट्टी बदलायला धावतात. मिस्त्रीनं आधी एक्स्ट्रॅक्टरची चांदणी उचलून तिच्या खाली ब्रश फिरवला. तिथं न जळलेल्या दारूचे चार कण अडकले तरी चांदणी पुरती बसत नाही, चक्र मागे घासतं आणि टायमिंग गेल्याचा हुबेहूब भास होतो. तिथं काही निघालं नाही. मग हत्यार खोललं आणि आत पांढुरकं, मेणासारखं काहीतरी दिसलं.

“तात्या, तेल कुठलं घालता?”

“खोबरेल. घरचंच. शुद्ध.”

श्रोतेहो, खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. घाटघरची थंडी तुम्हाला माहीत नसेल, माथ्यावर जानेवारीत सकाळी बाटलीतलं खोबरेल चमच्यानं काढावं लागतं. तेच त्या बारीक कळांमध्ये थिजलेलं. शिवाय खाण्याचं कुठलंही तेल काही काळानं चिकट होऊन बसतं. त्यात आमच्याकडचा पाऊस. चार महिने धुकं घरात शिरतं, भिंती पाझरतात, आणि हत्यार मात्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून ट्रंकेत. चामडं दमट हवा पितं आणि लोखंडाला देतं. हत्यार कोरडं करून, शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवून, सुक्या सुती कापडात ठेवावं. होल्स्टर वेगळं.

सगळं धुऊन, पुसून, हलकं तेल देऊन पुन्हा सावकाश चाप ओढला. एक, दोन, तीन, सहा, ही घरं टक्कन जागेवर. चौथं आणि पाचवं तरीही मागेच.

तात्यांच्या डब्यात सहा रिकाम्या पुंगळ्या होत्या, काही वर्षांपूर्वी एका रेंजवर उडवलेल्या. मिस्त्रीनं त्या मागितल्या. चार पुंगळ्यांवर पिनचा ठसा मधोमध, दोनांवर एका कडेला. म्हणजे हा आजार थंडीचा नव्हता, तो तेव्हापासून होता. डब्यातली साक्ष कुणी तपासलीच नव्हती. मी स्वतः कुठल्याही जुन्या रिव्हॉल्व्हरबद्दल आधी पुंगळ्या मागतो, हत्यार नंतर.

भिंगाखाली त्या दोन दातांवर कानशीच्या रेघा दिसल्या. आधीच्या कुण्या मालकाच्या काळात ही दोन घरं जड फिरत असावीत, आणि कुणीतरी पट्टीऐवजी दातच घासले. आता उपाय काय? लांब पट्टी बसवली तर चौथं-पाचवं जागेवर येईल, पण उरलेली चार घरं वेळेआधी अडकून गच्च होतील. पट्टी एकच आणि दात दोन मापांचे. खरा इलाज म्हणजे दातांसकट नवा एक्स्ट्रॅक्टर. वेब्लीत दोन्ही एकाच तुकड्यात असतात. पण या हत्याराचे सुटे भाग कारखान्यातून येणं केव्हाच थांबलंय. आपल्याकडचं कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर याच वळणावरचं, तरी त्याचा भाग तसाच्या तसा बसेल असं धरून चालत नाही. वेल्डिंगनं दात भरून देणारेही भेटतात. त्यांच्याबद्दल मी न बोललेलं बरं.

तात्यांचा नातू सोबत होता. त्याच्या मनात हत्यार पुढे आपल्या नावावर करून घ्यायचं. तो म्हणाला, “चार घरं चालतात ना? दोन रिकामी ठेवू.” ऐकायला बरं वाटतं. पण अंधारात, घाईत, कुठलं घर समोर आहे हे कोण मोजणार? मिस्त्रीनं काही न बोलता चाप दाबून चौथं घर अर्ध्यात थांबलेलं दाखवलं आणि मागून टॉर्च धरली. नळीतून पाहिलं तर पूर्ण चंद्राऐवजी ग्रहण लागलेला दिसला. तात्यांनी एकदा पाहिलं, मग नातवाला पाहायला लावलं.

लायसन्सदाराला हत्यार नको असेल, किंवा लायसन्सदारच वारला असेल, तर ते कपाटात पडू देणं गुन्हा ठरू शकतो. ते पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची असते. वारसाला ठेवायचं असेल तर आधी स्वतःचं लायसन्स लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालत. आणि लायसन्स आता पाच वर्षांचं असतं.

तात्यांनी त्याच दिवशी हत्यार दुकानात जमा केलं, आणि लायसन्सवरून ते कमी करण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा अर्ज नातवाकडूनच लिहून घेतला. मिस्त्रीनं चापाच्या कड्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली, ‘वापरू नये’. तात्या म्हणाले, “कारण पण लिहा. पुढच्याला कळू द्या.” त्यानं खाली लिहिलं, ‘घर ४ आणि ५, दात घासलेले.’