ज्ञानाचे धरण आणि कालवे

(शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



गोसीखुर्दच्या भिंतीपाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न येतो. वैनगंगेचा एवढा अफाट जलसंचय ही भिंत पेलते तरी कशी? २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेले हे धरण ११ किलोमीटरहून अधिक लांब असून त्यास ३३ दरवाजे आहेत. भौतिकशास्त्राचे उत्तर विलक्षण आहे. पाणी मागे किती कोस पसरले आहे यावर दाब अवलंबून नसतो, तर ते किती खोल आहे यावर असतो. २० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला पाण्याचा सुमारे २० टन भार पडतो. भिंत तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद असते, ती म्हणूनच.

हाच धडा वर्गात बाटलीला तीन छिद्रे पाडून शिकविला जातो. सर्वांत खालची धार सर्वांत दूर पडते, असे चित्र अनेक पुस्तकांत आढळते. परंतु बाटली टेबलावर ठेवून प्रयोग केला, तर मधली धार दूर जाते. खालच्या धारेचा वेग अधिक असतो खरा, पण ती लगेच टेबलाला टेकते. तीच बाटली उंच स्टुलाच्या कडेवर ठेवून धारा जमिनीवर पडू दिल्या, की खालची धार पुढे जाते.

एकट्या शिक्षकाने हे पाहिले, तर त्यास वाटते, आपलाच प्रयोग चुकला. तो बाटली कपाटात ठेवतो आणि फळ्यावर पुस्तकातील चित्र काढतो. दहा शिक्षकांनी एकत्र बसून तोच प्रयोग केला, तर चूक पुस्तकाची ठरते. शिक्षकांनी एकमेकांस भेटण्याचे महत्त्व ते हेच.

हा विचार आपल्या देशात नवा नाही. स्नातकास निरोप देताना अध्ययन व अध्यापन यांत कसूर करू नकोस, असे उपनिषदातील आचार्य बजावतात. आधुनिक काळात १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. १९८४ मध्ये प्रा. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटना स्थापन झाली. तिच्याच छत्राखाली कानपूरचे प्रा. एच. सी. वर्मा यांनी ‘अन्वेषिका’ केंद्रांचे जाळे विणले. साध्या, स्वस्त साहित्यातून केलेले प्रयोग एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जावेत, हा त्यामागील हेतू. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

आज मोबाइलमुळे पवनीचा शिक्षक पुण्याच्या शिक्षकाशी क्षणात बोलू शकतो. तथापि केवळ चित्रफिती पुढे पाठविणे म्हणजे विचारविनिमय नव्हे. प्रयोग स्वतः करावा, फसला तर तसे मोकळेपणाने सांगावे, दुसऱ्याने तो पडताळावा. यासाठी विश्वास लागतो आणि विश्वास नियमित भेटीतूनच निर्माण होतो. संघटनेच्या कामात मुरलेल्या कार्यकर्त्यांस हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून दर महिन्यास परिसरातील शिक्षकांनी एका शाळेत जमावे. प्रत्येकाने एक प्रयोग आणि एक अडचण सोबत आणावी. निवृत्त अभियंत्यांनी आपला अनुभव द्यावा. या धरणासाठी ज्या गावांनी घरे-शेते दिली, त्या गावांतील मुलांना उत्तम विज्ञान मिळावे, हे समाजावरील ऋण आहे.

धरण भरले तरी कालवे पोहोचेपर्यंत शेत कोरडेच राहते, हे या परिसराने सोसले आहे. शिक्षकाच्या मनातील ज्ञानाचेही तसेच आहे. ते कालवे आता शिक्षकांनीच खणावयाचे आहेत.