शपथ सोपी, व्रत अवघड



भोर तालुक्यातील रायरेश्वराचे नाव घेतले की मराठी मनात पहिली आठवण जागी होते ती शपथेची. १६४५ साली शिवरायांनी मोजक्या सवंगड्यांसह त्या शिवालयात स्वराज्याची शपथ घेतली, असे परंपरा सांगते. शपथेला काही क्षण पुरले. ती खरी करण्यास मात्र उभे आयुष्य वेचावे लागले. शेजारच्या वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील तोरणा आणि राजगड या पूर्ततेचे साक्षीदार म्हणून आजही उभे आहेत. शपथेचे मोल उच्चाराने ठरत नाही, ते आचाराने ठरते.

वैद्यकाचा विद्यार्थीही शपथ घेतो. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने वैद्यकीय शिक्षणात प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुधारित चरक शपथेची शिफारस केली, तेव्हा वृत्तपत्रांतून मोठा वाद झडला. शपथ हिप्पोक्रेटिसची असावी की चरकाची, यावर रकानेच्या रकाने भरले गेले. परंतु शपथ घेतल्यानंतर विद्यार्थी ज्या वर्गात बसतो, त्या वर्गात काय घडते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. वस्तुतः तोच अधिक महत्त्वाचा आहे.

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद या विषयाला प्रथमच रीतसर स्थान मिळाले. 'एटकॉम' या संक्षिप्त नावाने विद्यार्थी त्याला ओळखतात. सिद्धांताच्या तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती सक्तीची आहे. पण हजेरीपटावरील सहीने देह वर्गात आहे एवढेच सिद्ध होते. शरीररचनाशास्त्राच्या तासाला कान टवकारून बसणारा विद्यार्थी नीतीच्या तासाला मागच्या बाकावर भ्रमणध्वनीत मान घालून बसत असेल, तर उपस्थितीचे नियम तेथे हतबल ठरतात. म्हणूनच या वर्गाच्या अपेक्षा नियमावलीच्या पलीकडे जाऊन मांडाव्या लागतात.

यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्याने शिष्याला करावयाचा उपदेश आहे, आणि त्याच अध्यायात विद्वानांनी परस्परांशी चर्चा कशी करावी याचा विचारही आहे. चर्चेचे दोन प्रकार तेथे सांगितले आहेत. एक मैत्रीची, संधाय संभाषा. दुसरी जिंकण्याच्या ईर्ष्येची, विगृह्य संभाषा. मैत्रीच्या चर्चेत निःशंकपणे बोलावे आणि निःशंकपणे विचारावे, समोरचा निरुत्तर झाला तर आनंदाने फुलून जाऊ नये, त्याचा बभ्रा करू नये, मोहाने एकाच मताला चिकटून बसू नये, असा त्याचा आशय आहे. नीतिशास्त्राच्या वर्गासाठी याहून चांगले नियम आजच्या कोणत्या विद्यापीठाला सुचले असते?

या नियमांची कसोटी एका उदाहरणावर लावून पाहता येते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. त्यानंतर सुमारे ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात जवळजवळ अचेतन अवस्थेत होत्या. त्यांना या अवस्थेतून मुक्त करावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ज्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली, त्यांनी विरोध केला. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. मात्र विशिष्ट अटींखाली कृत्रिम जीवनाधार काढून घेण्याचा मार्ग खुला केला. मे २०१५ मध्ये अरुणाताईंचे निधन झाले. पुढे २०१८ मध्ये न्यायालयाने आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली.

वर्गात या प्रकरणावर चर्चा निघाली की दोन तट पडतात. एक म्हणतो, यातनांचा अंत हीच करुणा. दुसरा म्हणतो, चार दशके झालेली सेवा हीच करुणा. येथे वर्गाचा पहिला दंडक असा असावा की, आपले मत मांडण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रतिपक्षाचे मत असे मांडावे की प्रतिपक्षाने 'होय, माझे म्हणणे हेच आहे' असे कबूल करावे. श्रद्धेचा आधार घेण्यास कोणालाही मज्जाव नको. परंतु 'आमच्यात असेच असते' एवढ्यावर थांबण्याची मुभाही कोणाला नको. श्रद्धावानानेही कारण द्यावे, अश्रद्धानेही द्यावे.

परंपरेविषयी आदर म्हणजे तिच्याविषयी प्रश्न न विचारणे नव्हे. चरकाच्या त्याच उपदेशात राजाचा ज्यांच्यावर रोष आहे अशांवर, तसेच पती वा पालक जवळ नसलेल्या स्त्रियांवर उपचार करू नयेत, असेही सांगितले आहे. आजच्या वैद्याला हे मान्य करता येणार नाही. जखमी मनुष्य दारात आला तर पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता प्रथम उपचार करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले आहे. रुग्णाचे आयुष्य सरत आले आहे हे कळले तरी, त्याला वा इतरांना आघात होईल अशा ठिकाणी ते बोलू नये, असेही चरक सांगतो. यात करुणा आहे, यात शंका नाही. पण आपल्या मुलीचे लग्न उरकायचे आहे, जमिनीची वाटणी करायची आहे, अशा मनुष्याला त्याचे सत्य कळण्याचा अधिकार नाही काय? जुन्या शहाणपणातील करुणा राखून नव्या काळातील सत्य कसे सांगावे, हे शिकवणे या वर्गाचे खरे कार्य आहे.

हा प्रश्न वर्गाच्या चार भिंतींत सुटत नाही. २०२२ पासून विद्यार्थ्यांनी खेड्यातील कुटुंबे 'दत्तक' घेण्याचा उपक्रम अभ्यासक्रमात आला आहे. भोर-वेल्ह्यासारख्या डोंगराळ मुलखात याचा अर्थ नीट उमगतो. भाटघर आणि पानशेतच्या जलाशयांमागच्या वाड्या, घाटमाथ्यावरचा बेफाम पाऊस, डांबरी रस्त्यापासून दूर असलेली घरे. अशा ठिकाणी रुग्णाला खाली आणायचे म्हणजे डोलीचा आणि चार खांद्यांचा आधार लागतो. तेथे विद्यार्थी पुण्याहून वही घेऊन पोहोचतो, तेव्हा दत्तक कोण कोणाला घेते? ओसरीवर घोंगडी अंथरून, गुळाचा चहा पुढे करून ते घरच त्या मुलाला पदरात घेते.

मग त्या मुलाकडून काय अपेक्षा करावी? घरात परवानगीने जावे, तेथे जे दिसेल व कळेल ते बाहेर बोलू नये, हे चरकाने सांगून ठेवलेच आहे. आज त्यात भर एवढीच की, रुग्णाचे छायाचित्र भ्रमणध्वनीत टिपून मित्रांच्या समूहावर टाकणे हाही तोच विश्वासघात आहे. सत्तरीच्या शेतकऱ्याला 'ए बाबा, इकडे ये' म्हणून हाकारू नये. 'बाबा, बसा' म्हणावे. नीतीचा पहिला पाठ 'अहो-जाहो'त आहे.

आणि अंगठ्याचे काय? एखादी माउली म्हणते, 'तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर,' आणि कागदावर अंगठा उमटवते. ही संमती झाली का? तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेसाठी दिलेली संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. संशोधनात सहभागी होणारी व्यक्ती निरक्षर असेल तर निःपक्ष साक्षीदार हवा, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तेव्हा विद्यार्थ्याने एकच सवय लावून घ्यावी. समजावून झाल्यावर विचारावे, 'मावशी, मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं.' तिला सांगता आले नाही तर नापास ती नाही, विद्यार्थी नापास.

शेवटची अपेक्षा लेखनाची. या विषयात विद्यार्थ्याने आपल्या अनुभवावर चिंतनपर टिपण लिहायचे असते. ते मित्राच्या वहीतून उतरवले वा यंत्राकडून लिहून घेतले, तर गुण कदाचित मिळतील. पण सदसद्विवेकाचे टिपण दुसऱ्याने लिहिण्यासारखे हास्यास्पद ते काय? जेथे वैद्याचा विवेक निजतो तेथे कायद्याला जागे व्हावे लागते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा करण्याची वेळ महाराष्ट्रावर आली, हा या राज्याचा गौरव खरा. पण ती वेळ ज्यांच्यामुळे आली, त्यांत सुशिक्षित वैद्य होते आणि सुशिक्षित कुटुंबेही होती, हे विसरता येत नाही.

म्हणूनच हा विषय केवळ प्राध्यापकांवर सोपवून भागणार नाही. मुलगा वैद्यकाला लागला की घरात प्रथम विचारले जाते, गुण किती पडले? कधीतरी त्याच्या ताटाशेजारी बसून आईवडिलांनी असेही विचारावे, आज कोणाचे ऐकून घेतलेस? कोणाला खरे सांगितलेस? वर्ग संपतो, परीक्षा संपते, पदवीचा कागद भिंतीवर चढतो. त्यानंतर कधीतरी पावसाळी रात्री डोंगरावरून डोली खाली येते. हजेरी तेव्हा लागते, आणि शपथेची परीक्षाही तेव्हाच होते.