नाव टोपीवर, कसब हातात

कामं आटोपली का? नसतील तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज मी तुम्हाला एका टोपीच्या कारखान्याची गोष्ट सांगणार आहे.

जुन्या सिनेमात गुप्तहेराच्या डोक्यावर एक टोपी असते बघा. सगळीकडून काठ, मधे खोच आणि भोवती रिबीन. तिला आपल्याकडे फेल्ट हॅट म्हणतात. या टोपीचं जगभर गाजलेलं एक नाव आहे, बोर्सालिनो. हे खरं तर एका घराण्याचं आडनाव.

इटली देशाच्या उत्तरेला अलेस्सांद्रिया नावाचं शहर आहे. त्याच्या जवळच्या एका खेड्यात १८३४ साली जुझेप्पे बोर्सालिनो जन्मला. लहान वयातच तो टोपीवाल्याकडे काम शिकायला राहिला. मग पॅरिसला गेला, तिथल्या कारखान्यात काही वर्षं राबला आणि कसब घेऊन परत आला. १८५७ साली त्यानं भाऊ लाझ्झारोला सोबत घेऊन अलेस्सांद्रियात छोटंसं काम सुरू केलं.

आता ही टोपी होते कशी? हे कापड विणलेलं नसतं. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला, की आटून कसा घट्ट होतो, आठवतंय ना? तेच इथं मुद्दाम करतात. सशाचे मऊ केस साफ करून, पिंजून एका भोकाभोकाच्या शंकूवर बसवतात. त्यावर गरम पाणी मारलं की केस एकमेकांत गुंततात आणि मोठी थोरली, पातळ टोपी तयार होते. ती गरम पाण्यात पुन्हा पुन्हा आटवायची, रंगवायची, लाकडी साच्यावर ओढून आकार द्यायचा, घासून गुळगुळीत करायची. शेवटी आतून चामड्याची पट्टी, अस्तर आणि बाहेरून रिबीन. पन्नासाहून जास्त टप्पे आणि जवळजवळ सात आठवडे लागतात एका टोपीला!

धंदा वाढत गेला. पहिल्या महायुद्धाच्या आधी तर वर्षाला वीस लाखांच्या आसपास टोप्या निघत होत्या. हजारोंना काम होतं, आणि त्यात बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. शहरात त्यांना ‘बोर्सालीने’ म्हणत, म्हणजे बोर्सालिनोवाल्या बाया. कारखान्याच्या नावावरूनच त्यांची ओळख झाली होती.

१९०० साली जुझेप्पे वारला. मुलगा तेरेझिओनं कारभार हाती घेतला. मग जे आपल्याकडे होतं तेच तिथं झालं, भाऊबंदकी! लाझ्झारोच्या मुलानं वेगळी चूल मांडली आणि त्याच आडनावाचा दुसरा कारखाना काढला. एकाच गावात एकाच घरचे दोन कारखाने स्पर्धा करत होते. बऱ्याच वर्षांनी ते पुन्हा एक झाले. एक मात्र सांगायला हवं, या घराण्यानं गावाकडं पाठ फिरवली नाही. क्षयाच्या रुग्णांसाठी दवाखाना बांधायला त्यांनी पैसा दिला, कारखान्यातल्या नोकरांसाठी घरं बांधली.

दुसऱ्या महायुद्धानंतर काळ फिरला. लोक मोटारीनं हिंडू लागले, डोक्यावर टोपी घालायची रीत मागं पडली. मागणी घटली तसे कामगारही घटले. पुढं कारखाना घराण्याच्या हातून गेला, मालक बदलत राहिले. कर्ज आणि कोर्टकचेरी मागं लागली आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये कोर्टानं कंपनी दिवाळखोर ठरवली.

पण मैत्रिणींनो, टोप्या बनायच्या थांबल्या नाहीत. शंभरावर कामगार उरले होते, ते काम करत राहिले. २०१८ साली नव्या मालकानं कंपनी विकत घेतली. त्याला नाव मिळालं, यंत्रं मिळाली. पण केस किती आटले म्हणजे पुरे, हे बोटांनी ओळखणारी माणसं नसती, तर त्या नावाचा उपयोग काय झाला असता?

मला वाटतं, आपल्या गटांनी इथं थोडं थांबून विचार करावा. आपल्याकडं लोणच्याचा, पापडाचा अंदाज एखाद्याच ताईच्या हातात असतो. ती माहेरी गेली की मालाची चव बदलते आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. पाकिटावर मात्र नाव गटाचं असतं. म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की एवढं करा. कोणतं काम फक्त एकीलाच येतं, ते वहीत लिहा. त्या ताईकडून आणखी दोघींनी ते शिकून घ्या, आणि शिकवण्याच्या दिवसाची मजुरी तिला द्या. शिकवणं हेही कामच आहे.

आणि एक विचारा आपसात: आपल्या मालावर नाव कोणाचं आहे, आणि त्या नावाच्या कमाईत आपला वाटा किती? अलेस्सांद्रियाच्या बायांनी लाखो टोप्यांना हात लावला, पण टोपीच्या आत नाव मालकाचंच राहिलं. आपल्या गटाचं पाकीट आपलं आहे, ते तसंच राहू द्या.

बरं तर, पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.