पाटी नंतर, नंबर आधी

आज बोलायचं आहे ते शिरवण्यातल्या आणि आसपासच्या गावठाणांतल्या आपल्या पोरांशी. सिडको आली, शेती गेली, तिथे चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. मालकांच्या वतीने भाडं गोळा करणं, डिपॉझिटचा हिशेब, पाण्याची मोटर, भाडेकरूची पोलीस ठाण्यात नोंद, हे तुम्ही चोख बघता. आता जुईनगर-नेरूळला ऑफिस टाकून नवे फ्लॅटही विकायचे म्हणता. जरूर विका. पण पाटी रंगवण्याआधी महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, दलाल म्हणून नोंदणीचा नंबर घ्या.

खाडीत घरापुरती मासळी आणणारी होडी वेगळी आणि खोल समुद्रात जाणारी बोट वेगळी. बोटीच्या अंगावर नंबर रंगवलेला असतो, तांडेल जाणता लागतो, आणि शेजाऱ्याचा नंबर आपल्या बोटीवर घालून चालत नाही. तुम्ही आता खोल पाण्यात निघालात, बाबांनो.

खोल्या भाड्याने देण्याला रेरा लागत नाही. तिथे १९९९चा भाडे नियंत्रण कायदा आहे. कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदलेला हवा. ती जबाबदारी मालकाची, पण मालक तुमच्याच भरवशावर असतो ना? मात्र महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातला एकच फ्लॅट दलालीवर विकलात, तरी २०१६चा रेरा कायदा लागला. नोंदणी नसेल तर दिवसाला १० हजार रुपये दंड, आणि तो फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढत जातो. एवढ्यात वर्षभराची दलाली जाईल!

"काकांचा नंबर आहे की," असं कुणी म्हणतं. नाही चालत. काकांची नोंदणी काकांची. भागीदारीत फर्म काढलीत तर फर्मची वेगळी. २०२३पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. त्या परीक्षेचं प्रमाणपत्र म्हणजे तुमचा तांडेल. नोंदणी पाच वर्षं चालते, मुदतीआधी नूतनीकरण करा. पुन्हा सांगतो, आधी नंबर, मग पाटी.

तूर्त एवढं करा: प्रत्येक विक्रीच्या कागदावर आपला नंबर घाला. ती जागा कोरी असेल, तर गिऱ्हाइकाकडून बुकिंगचा चेक घेऊ नका. नमस्कार.