यंत्राला मींड कशी कळते?



लग्नाची वरात निघाली की एक क्षण ठरलेला असतो. बँडवाले 'नागिन'ची धून धरतात, कुणीतरी रुमालाचं टोक दातात धरून बीन वाजवायला लागतो आणि दुसरा कुणी नव्या सफारीसकट रस्त्यावर लोळण घेतो. जालन्यात राहून हे पाहिलं नाही असा माणूस या सभागृहात नसेल. गंमत अशी, की १९५४ सालच्या त्या चित्रपटात ऐकू येते ती बीन नाहीच. हेमंतकुमारांच्या संगीतात ती धून वाजवली कल्याणजी वीरजी शहा यांनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजलेल्या जोडीतले कल्याणजी. आणि वाद्य होतं क्लेव्हिओलीन, विजेवर चालणारा एक छोटा कीबोर्ड. इलेक्ट्रॉनिक वाद्य आपल्या गल्लीत येऊन सत्तर वर्षं झाली आणि त्याच्या तालावर आपण धुळीत लोळलोही. तेव्हा 'यंत्रानं संगीत बिघडवलं' ही तक्रार आज बाजूला ठेवू.

आजचा विषय गिटार सिंथेसायझर. गिटारच्या तारा छेडायच्या आणि ऐकू यावी बासरी, व्हायोलिनांचा ताफा किंवा या जगात नसलेलंच एखादं वाद्य. पण मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचं. अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवात ज्यांचे कान तयार झाले, त्यांना मींड म्हणजे काय हे मी सांगायला नको. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट न तोडता जाणं. पेटीला हे जमत नाही. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटी दाराबाहेर ठेवली, त्यामागे जे आक्षेप होते त्यांत हा एक मोठा होता. महाराष्ट्रानं मात्र पेटीवर मनापासून प्रेम केलं, नाटकात, भजनात, कीर्तनात. पुढे पेटीच्या जागी कीबोर्ड आला आणि पेटीची मर्यादाही सोबत घेऊन आला. ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला उजव्या हातानं बासरी वाजवताना डाव्या हातानं एक चाक पुढे-मागे ढकलत असतो, पाहिलंय ना? ती मींड उसनी असते. बोट एका हाताचं, मींड दुसऱ्या हाताची.

तारेच्या वाद्यात तसं होत नाही. जे बोट स्वर धरतं तेच तार ओढतं. म्हणून गिटार यंत्राला जोडली की यंत्राच्या पोटात खरी मींड जाण्याची शक्यता निर्माण होते. माझ्या मते या साऱ्या उपद्व्यापाचं खरं मोल एवढंच आहे. बासरीचा आवाज काढायला कीबोर्ड स्वस्त पडतो.

आता हे होतं कसं? जालन्याच्या लोकांना समजावणं सोपं आहे. आपल्या एमआयडीसीतल्या इंडक्शन भट्टीत तांब्याच्या वेटोळ्यातून वीज सोडतात आणि आतलं भंगार वितळतं. गिटारच्या पिकअपमध्ये तेच तत्त्व उलट्या दिशेनं चालतं. लोहचुंबकाभोवती बारीक तारेचं वेटोळं असतं, वर पोलादाची तार थरथरते आणि वेटोळ्यात वीज उमटते. साध्या पिकअपमध्ये सहाही तारांची वीज एकत्र होते. सिंथसाठीचा पिकअप सहा तुकड्यांचा असतो, प्रत्येक तारेला स्वतंत्र कान. तो ब्रिजला अगदी खेटून बसवायचा आणि तार व पिकअप यांत साधारण एक मिलिमीटर अंतर ठेवायचं. नायलॉनच्या तारांना हा चुंबकी पिकअप बहिरा. तिथे ब्रिजखाली दाब ओळखणारा पिझो बसवावा लागतो.

जपानच्या रोलँड कंपनीची पहिली गिटार सिंथ, जीआर-५००, आली १९७७ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एआरपी कंपनीनं 'अवतार' नावाचं यंत्र काढलं. नाव आपलं, नशीब वाईट. त्यात कंपनीचे पैसे बुडाले आणि १९८१ मध्ये कंपनीच बंद पडली. रोलँडची १९८० सालची जीआर-३०० मात्र टिकली. गिटारवादक पॅट मेथेनी यांनी १९८२ च्या 'ऑफरॅम्प' या ध्वनिमुद्रिकेत ती ज्या तऱ्हेनं वाजवली, त्यानंतर तो आवाज त्यांचाच होऊन बसला.

मग १९८३ मध्ये मिडी आलं. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, सूचना जातात: कोणता स्वर, किती जोरात, केव्हा सुरू, केव्हा बंद. भातखंड्यांची स्वरलिपी कागदावर जे करते ते हे विजेवर करतं. गाणं त्यात नसतं, गाण्याचा आराखडा असतो. कीबोर्डला अशी सूचना देणं सोपं आहे, कारण प्रत्येक पट्टी म्हणजे एक बटण. ऑक्टापॅडचंही तसंच. काठी पडली, सूचना गेली. म्हणूनच १९८५ मध्ये निघालेला ऑक्टापॅड आज आपल्या गणपती मंडळांपर्यंत पोचला आणि गिटार सिंथ मुंबईतल्या मोजक्या स्टुडिओंबाहेर फारशी दिसली नाही. तारेला बटण नसतं. यंत्राला तार आधी ऐकावी लागते, कंपनं मोजावी लागतात आणि मग ठरवावं लागतं की हा स्वर कोणता.

आणि इथेच घोडं अडतं. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. एक कंपन पुरं व्हायला १२ मिलिसेकंद लागतात. निदान एक कंपन, पुष्कळदा त्याहून जास्त ऐकल्याशिवाय कोणतंही यंत्र स्वर ओळखू शकत नाही. हा निसर्गाचा नियम आहे, कितीही पैसे टाकले तरी हटत नाही. सर्वांत बारीक तार सेकंदाला ३३० कंपनं करते, तिथे तीन मिलिसेकंदांत काम भागतं. म्हणजे एकाच गिटारवर बारीक तार वेळेवर बोलते आणि जाड तार मागून येते. १२ मिलिसेकंद म्हणजे किती, तर आवाजाला चार मीटर चालायला लागणारा वेळ. त्यावर संगणकाचा स्वतःचा उशीर चढतो. ठाय लयीत हे खपतं. द्रुत लयीत तबलजी तुमच्याकडे बघायला लागतो, आणि त्या बघण्याचा अर्थ वाजवणाऱ्याला बरोबर कळतो.

यावर उपाय नसून युक्त्या आहेत. बेसची ओळ हवी असेल तर ती वरच्या पातळ तारांवर वाजवायची आणि यंत्राकडून दोन सप्तकं खाली उतरवून घ्यायची. ज्या आवाजांची सुरुवात हळू असते, व्हायोलिनांचा ताफा किंवा ऑर्गन, ते निवडायचे. पियानो आणि तालवाद्यं टाळायची. त्यांचा ठोका उशिरा पडलेला लपत नाही.

मींडेकडे परत येतो. प्रत्येक तारेची सूचना स्वतंत्र चॅनेलवरून पाठवली, तरच एका तारेची मींड बाकीच्या स्वरांना ओढून नेत नाही. मग प्रश्न येतो मर्यादेचा. बहुतेक सिंथमध्ये स्वर वाकवण्याची मर्यादा मुळात दोन अर्धस्वरांची असते. तुम्ही शुद्ध गंधारावरून पंचमाकडे निघालात, म्हणजे तीन अर्धस्वर, तर यंत्र तीव्र मध्यमावर अडतं, नाहीतर पंचम नव्यानं ठोकून देतं. ही मर्यादा १२ किंवा २४ करायची, आणि ती गिटारकडच्या यंत्रात व आवाज देणाऱ्या यंत्रात अगदी सारखी ठेवायची. एकीकडे १२ आणि दुसरीकडे २ राहिली, तर तीच मींड अर्ध्या अर्धस्वरात आटोपते आणि सगळं बेसूर होतं. 'हे यंत्र आपल्या संगीताला चालत नाही' असं म्हणून पिकअप विकून टाकणाऱ्यांपैकी कित्येकांची अडचण एवढीच असते.

(इथे वक्त्यांनी यमनमधली एक मींड दोन्ही प्रकारे वाजवून दाखवली.)

दोन उदाहरणांबद्दल बोलतो. पहिलं मुंबईतलं, चरणजितसिंग यांचं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारा हा माणूस. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं समोर ठेवली, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, आणि 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. दहा राग, खाली यंत्राचा ठेका. त्यातली टीबी-३०३ बनवली होती बेस गिटारवाल्याची जागा घेण्यासाठी. ते काम तिला अजिबात जमलं नाही आणि १९८४ मध्ये ती बंद झाली. पण तिच्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती. गिटार वाजवणाऱ्याच्या आणि राग जाणणाऱ्याच्या कानानं ती नेमकी हेरली. तबकडी तेव्हा चालली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच यंत्रातून 'अ‍ॅसिड हाउस' जन्मलं, आणि २०१० मध्ये तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं: हे मुंबईत आधीच होऊन गेलं होतं! चरणजितसिंग २०१५ मध्ये गेले. त्यांना उतारवयात का होईना, दाद मिळाली.

दुसरं 'शक्ती' या संगीतसमूहाचं. जॉन मॅक्लॉफ्लिन सत्तरच्या दशकापासून गिटारला सिंथ जोडून पाहत आले आहेत. आपल्या संगीतकारांबरोबर बसून राग समजून घेणारा हा परदेशी गिटारिस्ट. झाकीर हुसेन आणि शंकर महादेवन यांच्यासोबतच्या २०२३ च्या 'धिस मोमेंट' या ध्वनिमुद्रिकेत त्यांची गिटार सिंथ ऐका. त्या ध्वनिमुद्रिकेला पुढल्या वर्षी ग्रॅमी मिळालं. ते सिंथला बासरीची नक्कल करायला लावत नाहीत. पातळ, गोल, थोडा फुंकवाद्याकडे झुकणारा असा एक आवाज धरतात आणि गायकाच्या शेजारी बसल्यासारखे बोलतात. मींड यंत्रातून गेली तरी ती मींडच राहते, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

राहिलं ध्वनिमुद्रण. माझं स्पष्ट मत आहे की आपल्यासारख्या गावात या यंत्राची जागा रंगमंचापेक्षा खोलीत, लॅपटॉपसमोर आहे. मिडी मुद्रित झालं की चुकलेला स्वर खोडता येतो, उशिरा पडलेला मागे सरकवता येतो, रात्री बासरीवर वाजवलेली ओळ सकाळी सारंगीवर ऐकता येते. फक्त दोन पथ्यं पाळा. गिटारचा मूळ आवाजही त्याच वेळी वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित करा, कारण यंत्रानं जे चुकीचं ऐकलं ते दुरुस्त करायला तोच साक्षीदार असतो. आणि स्वर ताल-रेघांवर बसवून देणारं ते बटण दाबू नका. ठुमरीतली लय जरा मागे रेलून बसते. तिला सरळ केलं की ठुमरी उरत नाही.

आता सहा तुकड्यांचा पिकअप नसतानाही, साध्या गिटारचा आवाज ऐकून मिडी करून देणारी सॉफ्टवेअर मिळतात. जॅम ओरिजिनचं त्यांतलं एक. फिशमनचा ट्रिपलप्ले हा सहा तुकड्यांचा पिकअप बिनतारी आहे. रोलँडनं २०२३ मध्ये आपली जुनी तेरा पिनांची जाडजूड केबल सोडून नवी डिजिटल पद्धत आणली. पर्याय पुष्कळ आहेत. त्यांच्या किमतींची चर्चा नंतर चहाच्या वेळी करू, इथे नको. पालक बसले आहेत.

एक गोष्ट मात्र आग्रहानं सांगतो. सनई आणि संबळ वाजवणारी माणसं आपल्या आसपास अजून आहेत. चाल बांधताना, कच्चा आराखडा करताना सिंथमधली सनई जरूर वापरा. पण गाणं पक्कं करायची वेळ आली की त्या माणसाला बोलवा, त्याची बिदागी द्या आणि माइक त्याच्यासमोर ठेवा. यंत्रातली सनई दुसऱ्या कुणीतरी केव्हातरी फुंकलेली असते. तिचा सूर वाकवला की आवाजाचा पोतही वाकतो, आणि ते जालन्याच्या कोणत्याही जाणत्या कानाला पहिल्या ओळीत कळतं.

तरुण गिटारवाल्यांना एवढंच, की पिकअप घेण्याची घाई करू नका. नको असलेली तार चुकून वाजली तर एरवी कुणाला कळत नाही. सिंथ मात्र तिचं व्हायोलिन करून सगळ्यांना ऐकवते. आधी सहा महिने एकेक तार स्वच्छ वाजवा, न वाजणाऱ्या तारा हातानं दाबून ठेवायला शिका. मग या, माझा पिकअप तुमच्या गिटारवर लावून बघू आणि तुम्हाला तो लागतो की नाही ते तिथेच ठरवू.