‘ऋतुचक्र’वरची सही

खानदेशात नरडाण्याच्या बाजारात किंवा धुळ्या-अमळनेरला रद्दीवाल्यापुढे जुन्या पुस्तकांचा गठ्ठा सोडलेला दिसला, तर त्यात एक पुस्तक आवर्जून शोधा. नाव ‘ऋतुचक्र’, लेखिका दुर्गा भागवत, पहिली आवृत्ती 1956 ची. आतल्या पानावर बाईंची शाईची सही सापडली, तर ते पुस्तक किलोच्या भावात जाऊ देऊ नका.

कुणी म्हणेल, ‘ऋतुचक्र’ तर आजही दुकानात मिळतं. मिळतं, आणि जरूर घ्या. दुर्मीळ आहे ती पहिली आवृत्ती, आणि त्यातही सही केलेली प्रत.

चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यामागून महिना घेत हे पुस्तक लिहिलं आहे. त्यात कथानक नाही, नायक-नायिका नाहीत. झाडं, पालवी, फुलं, पाखरं, ढग, ऊन, एवढ्यावर सगळं पुस्तक उभं आहे. निसर्गाची वर्णनं मराठीत आधीही होती, पण बहुतेक वेळा माणसाच्या सुखदुःखाला जोड म्हणून. इथे झाड हाच विषय आहे. एका लेखाचं शीर्षक आहे ‘चैत्रसखा वैशाख’. आपल्या खानदेशात वैशाखात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो, काळ्या रानाला भेगा पडतात, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. या महिन्याला चैत्राचा सखा कोण म्हणेल? पण त्याच दिवसांत गावातल्या कडुनिंबाखाली उभं राहून वर पाहा. चैत्रातली तांबूस पालवी आता दाट हिरवी झालेली असते आणि पानांआड निंबोळ्या भरत असतात. बाहेर होरपळ असताना ते झाड चैत्राचंच काम पुढे नेत असतं. असं बघायला मला या पुस्तकानं शिकवलं. म्हणून त्याच्याबद्दल मी इतक्या आग्रहानं बोलतो आहे.

दुर्गाबाईंचा जन्म 1910 चा, इंदूरचा. शास्त्रज्ञ कमला सोहोनी या त्यांच्या धाकट्या बहीण. दुर्गाबाईंचा अभ्यास मानववंशशास्त्राचा आणि लोकसाहित्याचा. त्यासाठी मध्य प्रदेशात गोंडांच्या मुलखात हिंडताना विषारी सुरण खाण्यात आला आणि पुढे कित्येक वर्षं आजारपणात गेली. 1975 साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीला उघड विरोध केला आणि नंतर तुरुंगवासही पत्करला. अमेरिकन निसर्गलेखक थोरोचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं तेही त्यांनीच.

‘वॉल्डन’ निघालं 1854 मध्ये. त्याच्या चार वर्षं आधी, 1850 साली, अमेरिकेतच सुझन फेनिमोर कूपर या बाईंचं ‘रुरल अवर्स’ प्रसिद्ध झालं होतं. वसंतापासून हिवाळ्यापर्यंत आपल्या गावाभोवतीची झाडं, पाखरं, तळं, बर्फ यांची ती रोजनिशी. पण मुखपृष्ठानंतरच्या पानावर त्यांचं नावच नव्हतं. ‘एका स्त्रीने लिहिलेले’ एवढंच छापलेलं. वडील जेम्स फेनिमोर कूपर प्रसिद्ध कादंबरीकार, घरात लेखनाची परंपरा, तरीही लेकीचं नाव झाकलेलं. निसर्गावर लिहिणाऱ्या बाईची सही हाती येणं ही मला मोठी गोष्ट वाटते, ती यासाठी.

आता आपल्या रुळांवर येऊ. नरडाण्याहून भुसावळकडे जाणारी गाडी धरली की अमळनेर, धरणगाव आणि मग जळगाव. तिथून जवळच असोदा, बहिणाबाई चौधरींचं माहेर. 1880 चा जन्म, लहान वयात लग्न, ऐन तिशीत वैधव्य. पेरणी, कापणी, मळणी, सुगरणीचा खोपा, पिंपळाचं पान, सगळं त्यांच्या गाण्यात आलं. पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ती गाणी कागदावर उतरवली मुलगा सोपानदेव यांनी आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. आपल्या मुलखातलं एवढं मोठं पुस्तक, पण कवयित्रीची सही असलेली त्याची एकही प्रत जगात असू शकत नाही. त्या पहिल्या आवृत्तीची प्रत दिसली, तर तीही तितक्याच मायेनं उचला.

जुनी प्रत ओळखायची कशी? मुखपृष्ठावर जाऊ नका, ते बदललेलं किंवा फाटलेलं असतं. आतल्या पानाच्या पाठीमागे आवृत्ती, साल, प्रकाशक, मुद्रक आणि किंमत पाहा. आपल्याकडे नवे पैसे आले 1 एप्रिल 1957 ला. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा त्याआधीचं. नव्या पैशांत असेल तर 1956 ची छपाई म्हणून कुणी गळ्यात मारत असलं तरी घेऊ नका. सही दिसली की पान खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकं धरा. टाकानं किंवा फाउंटन पेननं केलेली सही असेल तर शाई कागदात मुरलेली, कुठे दाट कुठे फिकी दिसते. छापील सही भिंगाखाली सपाट, एकसारखी दिसते. सहीसोबत ‘सप्रेम भेट’, कुणाचं नाव, तारीख असेल तर फारच उत्तम. वाचनालयाचा शिक्का असेल तर तो खोडू नका. ती प्रत रीतसर निर्लेखित होऊन बाहेर पडली आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या.

घरी आणल्यावर सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक कागदात उतरून पान कायमचं पिवळं पडतं. लॅमिनेशन तर नकोच. ओल्या फडक्यानं पुसलं तर सही फुटते. वाळवी आणि कसर लागू नये म्हणून पुस्तक कोरड्या जागी, भिंतीपासून थोडं दूर ठेवा आणि अधूनमधून उघडून बघा. ते कुठून, कधी मिळालं ते एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून आत ठेवा. चिठ्ठीला टाचणी नको, ती गंजते.

आणि एक काम घरातलं. श्रावणात कानबाईची गाणी म्हणणाऱ्या, जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आज्या नरडाण्याच्या आसपास अजून आहेत. त्यांच्या गाण्यांत पाऊस, बाजरी, कपाशी, चिमण्या कशा येतात ते ऐका आणि अहिराणीत जसं म्हटलं तसंच वहीत उतरवा, शुद्ध करायला जाऊ नका. पानाच्या खाली आजीचं पूर्ण नाव, माहेरचं गाव आणि तारीख लिहा. सही येत नसेल आणि ती राजी असेल, तर तिथे तिचा अंगठा घ्या.