परिचारिकेची नोंदणी आणि नोकरी



बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून ‘सहाय्यक परिचारिका प्रसाविका’ होणाऱ्या, ज्यांना गावोगाव ए.एन.एम. सिस्टर म्हणतात, त्या मुलींच्या नोकरीचा विषय मी आज बुद्ध्याच निवडला आहे; कारण डॉक्टरांच्या शिक्षणाविषयी व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते, परंतु गरोदर स्त्रीचा रक्तदाब सर्वांच्या आधी जी मोजते, तिला स्वतःच्या उपजीविकेसाठी कोणकोणते उंबरठे झिजवावे लागतात, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

तिचे खरे कार्यक्षेत्र उपकेंद्र. 1973 साली कर्तारसिंग समितीने एकेका रोगासाठी एकेक कर्मचारी ही जुनी पद्धत मोडून बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांची शिफारस केली, आणि त्या रचनेत स्त्री-कर्मचारी म्हणून हीच प्रसाविका उभी राहिली. सपाट प्रदेशात 5000 व डोंगराळ किंवा आदिवासी मुलखात 3000 लोकवस्तीस एक उपकेंद्र असे प्रमाण ठरलेले आहे, आणि ग्रामीण महाराष्ट्रातील उपकेंद्रांचा कारभार जिल्हा परिषदांकडे असल्यामुळे तिच्या कायम नोकरीचा मोठा दरवाजाही तोच आहे.

हा दरवाजा उघडतो केव्हा? 2019 च्या मार्चमध्ये निघालेली जाहिरात वर्षानुवर्षे रेंगाळून अखेर ती भरतीच रद्द झाली, आणि नवी जाहिरात यावयास 2023 चा ऑगस्ट उजाडला. वयोमर्यादेत सवलत मिळाली हे खरे. पण मधल्या काळात ज्या मुलीने मिळेल ते काम पत्करले, लग्न होऊन जिल्हा बदलला, पुस्तके बांधून ठेवली, तिला ती सवलत कितीशी उपयोगी पडणार? शिवाय परीक्षेत तांत्रिक ज्ञानाच्या जोडीला मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान व बुद्धिमापन हेही विषय असतात, आणि रात्रपाळी करून त्यांची तयारी करणे किती जड जाते, हे त्यांच्या घरातील माणसांनाच ठाऊक.

दुसरी वाट कंत्राटाची. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, आणि उपकेंद्रात दुसरी परिचारिका कंत्राटावर येऊ लागली. अकरा महिन्यांचा नेमणूक-आदेश, मग एखाद्या दिवसाचा खंड, आणि पुन्हा अकरा महिने, अशा रीतीने कित्येकींचे तारुण्य सरले. 2024 च्या मार्चमध्ये दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा शासननिर्णय निघाला, तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी पुढच्या वर्षी या लोकांना संपावर जावे लागले. ज्या कामास कधी खंड पडत नाही, त्या कामाच्या माणसाला खंड देणे मला सर्वथा अन्यायाचे वाटते.

तिचे काम जवळून पाहिले म्हणजे हा अन्याय अधिक बोचतो. लसीकरणाच्या दिवशी ती खांद्यावर जो कॅरिअर घेऊन निघते, त्यात बर्फाच्या चार थैल्या असतात. परंतु फ्रीजरमधून काढलेल्या थैल्या ती तशाच भरीत नाही, थोड्या वितळू देते, कानाशी हलवून आत पाणी वाजते की नाही ते पाहते, कारण अतिगार बर्फाला टेकून काही लसी गोठतात व निकामी होतात. कुपीवरील चौकोनाचा रंग भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला असेल, तर ती कुपी ती बाजूला काढते. पाड्यावरचे मूल सुरक्षित राहते ते या बारकाव्यांमुळे, आणि मुलाखतीच्या मेजावर मात्र हे कोणी विचारीतच नाही!

खासगी रुग्णालयांचा मार्ग सर्वांत लवकर सापडतो, कारण तेथे जाहिरातीची वाट पाहावी लागत नाही. आणि सर्वाधिक सावधगिरी तेथेच हवी. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रे ‘ठेवून घेतो’ असे सांगणारे व्यवस्थापक कमी नाहीत. मुलींनो, झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवा आणि तेथल्या तेथे परत घ्या. तो अडकला की पगाराविषयी बोलण्याचा धीरच उरत नाही. 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली परिषदेच्या नोंदवहीत तुमचे नाव चढलेले असते, आणि तो नोंदणी-क्रमांक तुमच्या स्वतःच्या मालकीचा असतो. त्याचे नूतनीकरण मुदतीत करा. गोव्यात किंवा अन्य राज्यात जायचे असेल, तर तेथील परिषदेकडील नोंदणीची व्यवस्था निघण्यापूर्वीच लावा. परीक्षा उत्तीर्ण झाले म्हणजे झाले, अशा समजुतीने नोंदणी लांबणीवर टाकणाऱ्या मुलींची ऐन अर्जाच्या वेळी जी धावपळ होते, ती सहज टळण्यासारखी आहे.

वेतनाविषयी एक गोष्ट प्रत्येकीने तोंडपाठ ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने, पन्नासांहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा 20,000 रुपयांहून कमी वेतन असू नये, आणि दोनशेंहून अधिक खाटा असतील तेथे ते सरकारी वेतनाच्या बरोबरीचे असावे, अशी शिफारस केली. तिला कायद्याचे बळ आले नाही, हे दुःख आहेच; तथापि वेतन ठरविताना हा आकडा शांतपणे पुढे ठेवण्यास कोणाची आडकाठी नाही. आणि येथे बसलेल्या मंडळींपैकी ज्यांची स्वतःची रुग्णालये आहेत, त्यांना माझी विनंती अशी की, आपल्या हजेरीपटावरील ए.एन.एम. मुलींना महिनाअखेर प्रत्यक्ष हातात किती रक्कम पडते, हे त्यांनी या आठवड्यात स्वतः तपासून पाहावे.